ऐनवेळच्या संगीताचा जाहीर प्रयोग: तयारी कोणत्या क्रमानं करायची

संबळ, सनई, कीबोर्ड, एखादा गिटारवाला, लॅपटॉप घेऊन बसलेली कॉलेजची मुलगी असा सहा-सात जणांचा संच जमतो. चाल ठरलेली नाही, गाणं ठरलेलं नाही, जे सुचेल ते तिथंच वाजवायचं. कल्पना सगळ्यांना आवडते. लगेच हॉल धरला जातो, बॅनर छापला जातो आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्या मिनिटापासून सगळे एकदम सुरू होतात ते थांबतच नाहीत. लातूर, अंबाजोगाई, परभणी या पट्ट्यात मी असे प्रयोग पाहिले आहेत. आमचा पहिला प्रयोगही असाच झाला. हलगीनं तुणतुणं गिळून टाकलं, कीबोर्डवाल्यानं घाबरून आवाज वाढवला, मग सगळ्यांनीच वाढवला. विसाव्या मिनिटाला मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या, आणि शेवट नेमका कुठं झाला हे आम्हालाही कळलं नाही.

वादक चांगले होते, क्रम चुकला होता. सुचेल ते वाजवायचं म्हणजे तयारी लागत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात काय वाजवायचं एवढं सोडून बाकी सगळं आधी ठरवावं लागतं: कोण कुणाशेजारी बसणार, किती वेळ, किती मोठ्यानं, कोणत्या सुरात आणि थांबवणार कोण. खालचे टप्पे त्याच क्रमानं घ्या. हाताशी दोन महिने ठेवा, निदान सहा आठवडे तरी हवेतच.

## टप्पा १: तारीख धरा, पण बॅनर छापू नका

आपल्याकडे तारीख हॉल मोकळा आहे का यावर ठरवतात. ती ठरवावी वादकांवर आणि ऐकणाऱ्यांवर. नवरात्रात संबळवाले मिळत नाहीत, तुळजापूर आणि माहूरच्या वाटेवरचे तर नाहीच. लग्नाच्या दाट तिथीला सनईवाला, बँडवाला आणि साऊंडवाला तिघंही अडकलेले असतात. १४ एप्रिलच्या आसपास हलगीवाल्यांना विचारूही नका. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, तेव्हा वस्तीत आवाज करणं बरं नाही आणि शाळेचे हॉलही मिळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये कूलर आणि पंखे लावल्याशिवाय माणसं बसत नाहीत, आणि कूलरच्या घरघरीत हळू वाजवलेलं काहीही ऐकू येत नाही.

उरतात डिसेंबर आणि जानेवारी. त्यातही लातूर-धाराशिवकडे येळवशीचा (वेळ अमावास्येचा) दिवस टाळा, त्या दिवशी गाव शेतात असतं. खेड्यात प्रयोग असेल तर शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, हे आधी विचारा. रात्रीची असेल तर माणसं मोटार चालू करायला जाणार, तुमच्याकडे येणार नाहीत.

तपासा: एकच तारीख धरू नका, तीन धरा. दुसरा टप्पा संपेपर्यंत यातली एकही जाहीर करायची नाही.

## टप्पा २: माणसं आणि बोलणी

पाच ते सात जण पुरेत. आठच्या पुढं गेलात की ऐकणं कमी होतं आणि गर्दी वाढते. निवडताना हात किती तयार आहे यापेक्षा माणूस थांबू शकतो का, हे बघा. भजनी मंडळात वर्षानुवर्षं टाळ धरलेला माणूस पुष्कळदा याला जास्त लायक निघतो, कारण बुवांच्या तोंडाकडे बघत वाजवायची त्याला सवय असते. गोंधळातल्या संबळवाल्याचंही तसंच. निरूपण लांबलं की काडी कुठं रोखायची हे त्याला सांगावं लागत नाही.

वाद्यं निवडताना एक नियम पाळा: संचात निदान दोन वाद्यं हळू आवाजाची हवीत. तुणतुणं, चिपळ्या, एकतारी, तोंडानं काढलेले आवाज, काहीही चालेल. सगळीच खणखणीत वाद्यं घेतली तर पुढचा कुठलाच टप्पा जमणार नाही.

आता बोलणी. इथं सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्यांचा त्रास पारंपरिक वादकाला होतो.

पहिली गोष्ट पैशांची. गिटारवाला हौसेनं येतो म्हणून संबळवाल्यानंही हौसेनं यावं, असं गृहीत धरू नका. त्याचं घर त्यावर चालतं. एका गोंधळाची किंवा लग्नाची त्याची सुपारी जेवढी, तेवढी तरी बिदागी द्या. इसार आधी द्या. सरावाला येण्याचे पैसे वेगळे द्या, कारण त्याचा रोज बुडतो.

दुसरी गोष्ट मानाची. संबळ, दिमडी ही देवाच्या कामाची वाद्यं आहेत. कोणते ठेके विधीबाहेर वाजवायला चालतील आणि कोणते नाही, हे त्या माणसाला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर विषय तिथंच सोडा. वाद्य ओलांडून जाऊ नका, त्याच्याजवळ चपला ठेवू नका. त्याच्या वाद्याचा आवाज लॅपटॉपमधून बदलून वाजवायचा असेल तर ते त्याला आधी करून दाखवा, मग परवानगी मागा.

तिसरी गोष्ट रेकॉर्डिंगची. व्हिडिओ युट्यूबवर जाणार का, कुणाच्या नावानं जाणार, त्यातून पैसे आले तर ते कसे वाटायचे, हे पहिल्याच बैठकीत बोला आणि कागदावर लिहा.

सावधान: "मामा, तुम्ही फक्त शेवटी येऊन पाच मिनिटं धडाक्यात वाजवा" असं म्हणून कुणालाही बोलावू नका. जो सरावाला नाही तो प्रयोगालाही नाही. हा नियम सगळ्यांना सारखाच.

## टप्पा ३: जागा

शंभरच्या आत माणसं येणार असतील तर मोठं नाट्यगृह घेऊ नका. लांबलचक रिकाम्या खुर्च्यांसमोर हळू वाजवायला कुणाचाच जीव होत नाही. वाचनालयाचा हॉल, वाड्याचा चौक किंवा शाळेचा मोठा वर्ग बघा.

जागा बघायला जाताना एक वादक आणि एक वाद्य बरोबर न्या. हॉलच्या मधोमध उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा. आवाज लगेच मेला तर चांगलं. भिंतींवर फुटून घुमत राहिला, तर तिथं चार जणांचे बारीक आवाज एकमेकांत मिसळून चिखल होणार. मंगल कार्यालयांत हटकून हेच होतं: फरशी, चुना, काच आणि उंच छत. दुसरी जागाच नसेल तर खाली सतरंज्या, मागच्या भिंतीला जाड पडदे आणि गोधड्या लावा. फरक लगेच कळतो. पत्र्याच्या छताखाली वाऱ्यानंही आवाज होतो आणि ऊन उतरताना पत्रा कडकड वाजतो.

माझं मत विचाराल तर जुन्या माळवदाच्या वाड्यासारखी जागा नाही. जाड मातीच्या भिंती, लाकडी सर, वर पांढऱ्या मातीचा थर, त्यामुळं आवाज घुमत नाही. आमच्या संचाला असा एक वाडा मिळाला तेव्हा एकही माइक न लावता साठ-सत्तर माणसांना तुणतुण्याची तार ऐकू गेली.

प्रयोग ज्या वेळेला आहे त्याच वेळेला एकदा त्या जागेत अर्धा तास गप्प बसा आणि काय काय ऐकू येतं ते लिहून काढा: एसटीचा हॉर्न, शेजारचा बोअर, पिठाची गिरणी, देवळातली आरती, मशिदीतली अजान. आरती किंवा अजान तुमच्या वेळेत येणार असेल तर तेव्हा काय करायचं ते आधी ठरवा. आम्ही वाद्यं खाली ठेवतो आणि ती पूर्ण ऐकतो. लोकांना ते कधीही खटकलेलं नाही.

परवानगी: उघड्या जागेत लाऊडस्पीकर लागणार असेल तर पोलीस ठाण्यात आठ-दहा दिवस आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि जागा नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची असेल तर त्यांचं पत्र सोबत जोडा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असेल, तर तिथं ती ५० वर येते. शाळेचं मैदान फुकट मिळतंय म्हणून धरण्याआधी हे लक्षात घ्या.

## टप्पा ४: वाजवण्याआधी ऐकण्याचा सराव

सहा सराव, प्रत्येकी दीड तास. पहिल्या दोन सरावांत कुणीही "चला, सुरू करू" म्हणायचं नाही. खालचे चार अभ्यास याच क्रमानं घ्या.

पहिला: पाच मिनिटं गप्प. सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं. नंतर प्रत्येकानं ऐकलेले आवाज सांगायचे, लांबचा आधी, जवळचा नंतर. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, हसू येतं. तिसऱ्या सरावापर्यंत हेच सगळ्यांना हवंसं वाटायला लागतं.

दुसरा: एक श्वास, एक सूर. ज्याचं वाद्य फुंकायचं किंवा गळ्याचं आहे त्यानं एका श्वासात एकच सूर धरायचा, श्वास संपला की थांबायचं, पुन्हा श्वास घेऊन दुसरा. चामड्याच्या वाद्यानं एकच ठोका मारायचा आणि तो पूर्ण विरेपर्यंत हात लावायचा नाही. लंडनचा ड्रमर जॉन स्टीव्हन्स आपल्या कार्यशाळांत अशाच साध्या गोष्टी करून घेत असे, नवख्या आणि मुरलेल्या दोघांकडूनही.

आमच्या संबळवाल्या मामांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हात रिकामा कसा ठेवू? ठेका धरल्याबिगर संबळ बोलत न्हाई." मी म्हटलं, "मामा, एकच मारा आणि संपला असं वाटलं की सांगा." त्यांनी टोकाला वळलेली काडी मोठ्या तोंडावर घासत एक घुमारा काढला आणि गप्प बसले. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मामांनी कान खाली नेला, पार वाद्याच्या कडेपर्यंत, आणि तळहातानं आम्हाला थांबा म्हणून खुणावलं. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. जरा वेळानं ते सरळ बसले आणि म्हणाले, "आत्ता संपला." त्या दिवसापासून संचात सगळ्यात कमी आणि सगळ्यात नेमकं वाजवणारे तेच आहेत.

तिसरा: हळू वाद्याचा नियम. संचातलं सगळ्यात हळू वाद्य वाजायला लागायचं. बाकीच्यांनी एकेक करून यायचं, पण ते हळू वाद्य प्रत्येकाला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. ऐकू येईनासं झालं की ज्याला कळलं त्यानं स्वतःचा आवाज उतरवायचा, दुसऱ्याला सांगत बसायचं नाही.

चौथा: चिठ्ठ्या. दोन-दोन नावांच्या चिठ्ठ्या काढायच्या. त्या दोघांनी दोन मिनिटं वाजवायचं, बाकीचे ऐकणार. मग तिघांच्या. सगळ्या संचानं एकत्र वाजवायचं ते चौथ्या सरावापासून पुढं.

आता दोन सवयी, ज्या आपल्याकडच्या वादकांत हमखास असतात आणि ज्यांनी प्रयोग बिघडतो.

एक म्हणजे ठेक्यात घसरणं. कुणीतरी सवयीनं भजनी ठेका किंवा केरवा धरतो, पाय हलायला लागतात, सगळे त्यात शिरतात, आणि पुढची दहा मिनिटं नुसता ठेका चालू राहतो. त्यातून बाहेर पडायची वाट कुणालाच सापडत नाही. ठेक्याला बंदी नको, मला स्वतःला ठेका आवडतो. पण एक अट घाला: ठेका ज्यानं धरला त्यानंच तो सोडायचा, आणि तो चालू असताना निदान दोघांनी त्याच्या बाहेर राहायचं.

दुसरी सवय तिहाईची, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याची. तबल्यावर, ढोलकीवर शांतता दिसली की हात तिहाई घेतो. समेवर आलं की लोकांना वाटतं संपलं, टाळ्या पडतात, आणि मधला नाजूक धागा तुटतो. सुरुवातीच्या सरावांत तिहाई पूर्ण बंद ठेवा. प्रयोगात ती फक्त ठरलेल्या शेवटाला घ्या.

तपासा: प्रत्येक सराव मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण ऐका दुसऱ्या दिवशी. मोबाईलचा रेकॉर्डर हळू आवाज आपोआप चढवतो आणि मोठा दाबतो. त्यामुळं कोण किती मोठ्यानं वाजवत होतं याचा निवाडा त्यावरून करू नका. कोण कधी आलं, कोण कधी थांबलं, एवढंच त्यावरून बघा.

## टप्पा ५: आराखडा आणि खुणा

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या पुढं जाऊ नका. तीन तुकडे करा: १२ मिनिटांचा, मग ८ मिनिटांचा फक्त दोघांचा किंवा तिघांचा, मग १५ मिनिटांचा सगळ्यांचा. मधे मिनिटभर थांबा. प्रत्येक तुकड्याबद्दल दोनच गोष्टी ठरवा: सुरुवात कोण करणार आणि शेवट कसा होणार. मधलं मोकळं सोडा.

शेवट दोनच प्रकारचे ठेवा, विरत जाणारा किंवा एकदम तुटणारा. तुकडा सुरू होण्याआधी सगळ्यांना कोणता ते माहीत हवं. विरणाऱ्या शेवटाला सगळे थांबले की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा आणि तोवर हात वाद्यावरून काढू नका. या दहा आकड्यांत कुणीतरी एक जण हमखास पुन्हा वाजवतो. सरावात हे दहा-वीस वेळा करून घेतलं नाही तर प्रयोगात होणारच.

हाताच्या खुणा पाचच: ये, थांब, उतरव, तेच धरून ठेव, तुम्ही दोघंच. न्यूयॉर्कच्या बुच मॉरिसनं १९८५ पासून हातवारे करून अख्खा वाद्यवृंद ऐनवेळी घडवायची मोठी पद्धत उभी केली. त्याच्या खुणा पुष्कळ होत्या आणि त्या शिकायलाच वेळ लागे. नव्या संचानं त्यांच्या मागं लागू नये. पाच खुणा नीट पाठ करा, खूण करताना हात छातीच्या उंचीवर ठेवा आणि खूण करणारा प्रत्येक तुकड्याला बदला. एकच माणूस कायम खुणा करत राहिला की बाकीचे कानाऐवजी त्याच्याकडे बघून वाजवतात.

घड्याळ एकाकडेच, तेही संचातल्याच माणसाकडे.

## टप्पा ६: सूर मिळवायचा क्रम

"आपलं तर मोकळं संगीत, सूर कशाला मिळवायचा?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मुद्दाम लावलेला वेडावाकडा सूर आणि चुकून बेसूर झालेला सूर ऐकणाऱ्याला वेगळा कळतो, लगेच कळतो. म्हणून आधी मिळवा, मग हवा तिथं मोडा.

ज्या वाद्याचा सूर बदलता येत नाही ते आधी. सनई असेल तर तिचा सूर धरा. ती नसेल तर पेटीचा. जुनी पेटी बहुधा ४४० हर्ट्झच्या आताच्या ठरलेल्या मापावर नसते. मोबाईलमधलं ट्यूनर ॲप बघून गिटार लावलं आणि शेजारी पेटी वाजली की दोघांत कंप येतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये बारीक ट्यूनिंग असतं, ते पेटीप्रमाणे थोडं थोडं चढवा किंवा उतरवा. मग गिटार, तुणतुणं, एकतारी. गाणारा असेल तर सप्तकाची पट्टी त्याला विचारा. पुरुषाला पेटीवरची काळी एक-दोन सोपी जाते, बाईला काळी चार-पाच. दोघं असतील तर ओढाताण होते, ती सरावातच सोडवा.

चामडं सगळ्यात शेवटी. थंडीत संध्याकाळी दव पडायला लागलं की तबला आणि संबळ उतरतात. चामड्याची हलगी आणि दिमडी वाजवायच्या दहा मिनिटं आधी शेकावी लागते, अर्धा तास आधी शेकून काही उपयोग नाही. शेकायची जागा आधीच बघून ठेवा. आम्ही एकदा समोरच्या चहाच्या गाडीवरच्या शेगडीवर शेकली, आणि चहावाल्यानं दोन पातेली बाजूला सरकवून जागा दिली. फायबरच्या पानाच्या हलगीला शेक लागत नाही, उलट आगीजवळ नेली तर खराब होईल.

## टप्पा ७: साऊंड आणि वीज

माइक लावायचाच का, हा पहिला प्रश्न. सत्तर-ऐंशी माणसं, चांगली जागा, गोलाकार बैठक असेल तर लावू नका.

लावायचाच असेल तर तीनच माइक, तेही हळू वाद्यांना. संबळ, हलगी, ढोलकी यांना माइक कधीच नको. साऊंडवाल्याशी आदल्या दिवशी जाऊन बोला. त्याला वाटतं मोठा आणि भरलेला आवाज म्हणजे चांगलं काम, आणि लग्नात ते बरोबरही आहे. तुम्हाला काय हवं ते कागदावर लिहून द्या: एको पूर्ण बंद, बेस कमी, भोंगे नकोत, कार्यक्रम चालू असताना आवाज वाढवायचा नाही. आमच्या दुसऱ्या प्रयोगात तिसऱ्या मिनिटाला शांतता आली, साऊंडवाल्याला वाटलं माइक बंद पडला, त्यानं सगळे खटके वर केले आणि हॉलभर शिट्टी घुमली. त्याची चूक नव्हती. मधे शांतता येणार हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

स्पीकर माइकच्या पुढं ठेवा, मागं किंवा शेजारी नको. सगळ्यात हळू वाद्याचा माइक आधी लावा, शिट्टी यायला लागेपर्यंत वाढवा, मग थोडा खाली आणा. तीच कमाल मर्यादा.

लॅपटॉप असेल तर वाजवताना चार्जर काढून ठेवा, पुष्कळदा गुंऽऽ असा आवाज चार्जरमुळंच येतो. साऊंडचा बोर्ड वेगळा आणि लाईटचा वेगळा घ्या. वीज गेली तर काय, हेही ठरवून ठेवा. आम्ही वीज गेली तरी वाजवत राहतो, विजेवर चालणारी वाद्यं आपोआप गप्प होतात. दोन कंदील किंवा चार्जिंगचे दिवे मात्र जवळ ठेवा.

घरातल्या वस्तूंचा आवाज वापरायचा असेल तर: इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बारीक पितळी चकतीसारखा पिझो मिळतो, अगदी स्वस्तात. त्याला जाळीची वायर डाखून, वर इन्सुलेशन टेप लावून तो वस्तूला चिकटवायचा. आमच्यातली एक मावशी जात्यावर ज्वारी दळते आणि खालच्या तळीला पिझो लावलेला असतो. खुंटा हळू फिरला की दगडाचा खरखरीत आवाज येतो, मूठभर दाणे टाकले की तो भरतो, आणि दाणे संपत आले की पुन्हा कोरडा होतो. तुमच्या लक्षात राहाव्यात अशा दोन गोष्टी: पिझो थेट मिक्सरला लावला तर आवाज पत्र्यासारखा येतो, मधे बारीक आवाज मोठा करणारा छोटा प्रीअँप लागतो, आणि ज्या चॅनलला तो लावाल त्याचं फँटम पॉवरचं (मिक्सरमधून माइकला वीज देणारं) बटण बंद हवं.

## टप्पा ८: प्रयोगाचा दिवस

सातचा प्रयोग असेल तर असा क्रम आम्हाला जमतो.

१. दुपारी २ ला सतरंज्या आणि बैठक. वादक घोड्याच्या नालेसारखे बसतील, प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसेल. ऑर्केस्ट्रासारखं एका रांगेत बसू नका.

२. ३.३० ला साऊंड, एका तासात संपवा.

३. ४.३० ला सूर.

४. ५.१५ ला पंधरा मिनिटं फक्त टप्पा ४ मधला पहिला आणि तिसरा अभ्यास. पूर्ण प्रयोग वाजवून बघायचा नाही. दुपारी छान जमलेलं संध्याकाळी परत आणायला गेलं की ते कधीच येत नाही.

५. ५.४५ ला थोडं खाऊन घ्या, पोटभर नको.

६. ६.३० ला दार उघडा. ६.५० ला हलगी शेका.

७. ७ ला सुरू.

सातचा कार्यक्रम आठला सुरू होणं आपल्या अंगवळणी पडलं आहे. इथं ते चालणार नाही. शेकलेलं चामडं थंड होतं, लावलेला सूर उतरतो, वादकांचं मन विखुरतं.

सावधान: दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक हे वाजवण्याआधी अजिबात ठेवू नका. कुणाचा मान राखायचाच असेल तर नंतर राखा. चाळीस मिनिटं भाषणं ऐकलेला कान हळू आवाज टिपत नाही.

लोकांशी बोला, पण दोन मिनिटंच. तीन तुकडे आहेत, एकूण चाळीस मिनिटं, मधे शांतता येईल तेव्हा संपलं असं समजू नका, आम्ही हात वाद्यावरून काढले की संपलं. मोबाईल बंद करा. बस्स. "समजलं नाही तरी चालेल" किंवा "जरा वेगळं आहे, सांभाळून घ्या" असं म्हणू नका. माणसं किर्तनात, भारुडात, कव्वालीत तास-तास कान देऊन बसतात. त्यांना ऐकायला शिकवावं लागत नाही, फक्त काय होणार ते आधी सांगावं लागतं.

लहान मुलं आली तर त्यांना पुढं बसवा. मागं बसवली की कंटाळतात, पुढं बसली की वादकांच्या हातांकडे बघत राहतात.

## टप्पा ९: त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी

ठरलेली बिदागी त्याच रात्री, सगळ्यांसमोर नाही, हातात द्या. "अकाउंटला टाकतो" म्हणून उशीर करू नका. परतायला शेवटची एसटी चुकली असेल तर घरी सोडायची सोय तुमची.

प्रयोगानंतर पंधरा मिनिटं लोकांना वाद्यांजवळ येऊ द्या. "हे कोणतं गाणं होतं?" असं विचारतील. गाणं नव्हतं, आत्ताच सुचत गेलं, असं सरळ सांगा. संबळाला हात लावायचा असेल तर आधी संबळवाल्याला विचारायला लावा.

दुसऱ्या दिवशी संचानं एकत्र बसून रेकॉर्डिंग ऐका, एकदाच, मधे न थांबवता. प्रत्येकाच्या हातात कागद. "चांगलं झालं", "वाईट झालं" लिहायचं नाही. फक्त मिनिटं लिहायची: आपण कुठं दुसऱ्यावर चढलो, कुठं थांबायला हवं होतं, कुठं कुणाचं ऐकलंच नाही. आमच्या गेल्या प्रयोगाच्या कागदांवर पाच जणांनी एकच जागा लिहिली होती, दुसऱ्या तुकड्याचं सातवं मिनिट, जिथं जात्याचा आवाज कोरडा होत चालला होता आणि कीबोर्ड त्यावर आला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सरावाची सुरुवात आम्ही तिथूनच केली: मावशींनी दाणे संपेपर्यंत दळायचं, आणि कीबोर्डवाल्यानं हात मांडीवर ठेवायचे.